घोरणारा जबडा आणि विखुरलेले ज्ञान

१/ १९५६ साली अमेरिकेतील एका वैद्यकीय नियतकालिकात बर्वेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ५१ वर्षांच्या एका व्यावसायिकाची हकीगत छापली. पोकर खेळताना त्याच्या हाती तीन एक्के आणि दोन बादशहा आले. असा हात क्वचितच लागतो. पण डाव साधण्याऐवजी हा गृहस्थ बसल्या जागी झोपी गेला आणि त्यानंतर रुग्णालयात दाखल झाला.

२/ डॉक्टरांना चार्ल्स डिकन्सच्या ‘पिकविक पेपर्स’ (१८३६-३७) या कादंबरीतील जो आठवला. उभ्या उभ्या झोपणारा, घोरणारा तो लठ्ठ पोरगा. त्यावरून आजाराला ‘पिकविकियन सिंड्रोम’ म्हटले गेले. जो वाचकांना शतकभर हसवत होता. आता कुठे तो रुग्ण ठरला. तरीही सारा दोष लठ्ठपणाच्या माथी मारला गेला.

३/ खरा अडथळा घशात होता. १९६५ साली फ्रान्समध्ये गास्तो यांच्या चमूने आणि जर्मनीत युंग व कुलो यांनी झोपलेल्या रुग्णांच्या श्वासाच्या आणि मेंदूच्या नोंदी घेतल्या. झोपेत स्नायू सैलावतात, जीभ मागे सरते, घसा मिटतो, श्वास थांबतो. मेंदू क्षणभर जागा होतो, श्वास सुटतो आणि पुन्हा तेच. रात्रीतून शेकडो वेळा. सकाळी मात्र रुग्णाला यातले काहीच आठवत नाही.

४/ आता थोडे मागे जाऊ. १८४७ साली एडिंबरोत सिम्प्सन यांनी क्लोरोफॉर्मची भूल रूढ केली आणि शस्त्रक्रियागृहात हाच प्रसंग रोज घडू लागला. भुलीत जीभ मागे पडे आणि रुग्ण गुदमरे. १८७४ मध्ये नॉर्वेचे हायबर्ग यांनी एक युक्ती प्रसिद्ध केली. जबड्याच्या कोनांमागे बोटे घालून खालचा जबडा पुढे उचलायचा. जीभ त्या हाडालाच जोडलेली असल्याने तीही पुढे येते आणि वाट मोकळी होते. जर्मन युद्धशल्यविशारद एस्मार्क यांच्यामुळे ही रीत सर्वत्र पोहोचली.

५/ या प्रश्नाचा एक धागा हैदराबादेतही सापडतो. क्लोरोफॉर्मने दगावणाऱ्यांचे हृदय आधी थांबते की श्वास, हे ठरवण्यासाठी निजामाच्या आश्रयाने १८८८ आणि १८८९ मध्ये दोन आयोग बसले. त्यांचा कौल होता : श्वासावर नजर ठेवा. हृदयालाही धोका असतो हे पुढे सिद्ध झाले. पण श्वासावरचा हा पहारा रुग्ण शुद्धीवर आला की संपत असे. घरी झोपलेल्या माणसाच्या श्वासाचे काय, हे कोणी विचारले नाही.

६/ दुसरा धागा दंतवैद्यकाचा. १९०२ साली फ्रान्सच्या पिएर रोबँ यांनी ‘मोनोब्लॉक’ नावाचे, खालचा जबडा पुढे धरून ठेवणारे उपकरण मांडले. जबडा लहान असलेल्या अर्भकांची जीभ मागे पडून श्वास कोंडतो, हे त्यांनी १९२३ मध्ये लिहिले. म्हणजे कारण आणि उपाय दोन्ही कागदावर होते.

७/ पण प्रौढांच्या निद्रारोगापर्यंत ते पोहोचले नाहीत. १९६९ मध्ये उपाय म्हणून गळ्याला छिद्र पाडून श्वासाची नवी वाट काढली गेली. १९७६ मध्ये गिलमिनो यांनी ‘स्लीप अ‍ॅप्निया सिंड्रोम’ हे नाव रूढ केले. १९८१ मध्ये सिडनीत कॉलिन सलिव्हन यांनी नाकावाटे हवेचा सतत दाब देऊन घसा उघडा ठेवला. तेच आजचे सीपॅप यंत्र.

८/ मग विखुरलेले धागे जुळले. १९८२ मध्ये शिकागोच्या कार्टराइट आणि सॅमेलसन यांनी जीभ पुढे धरणारे साधन वापरून पाहिले. १९८४ च्या सुमारास जर्मनीत मायर-एव्हर्ट यांनी जबडा पुढे धरणारे दातांवरचे उपकरण वापरले आणि त्याला नाव दिले एस्मार्कचे! भूलतज्ज्ञाची बोटे जे क्षणभर करत, तेच हे साधन रात्रभर करते. वरच्या व खालच्या दातांवर एकेक साचा बसतो; दोन्ही जोडलेले असल्याने जबडा काही मिलिमीटर पुढे राहतो. १९९५ मध्ये अमेरिकी निद्रावैद्यक संघटनेच्या मार्गदर्शक सूचनांत अशा उपकरणांना स्थान मिळाले.

९/ हा रामबाण नव्हे. श्वासरोध कमी करण्यात सीपॅप सरस आहे. मात्र ज्यांना मुखवटा सोसत नाही, त्यांना हे साधन सोयीचे पडते. त्यासाठी दात धड असावे लागतात, कालांतराने ते थोडे सरकूही शकतात. आधी झोपेची तपासणी हवीच.

१०/ भूलतज्ज्ञाला युक्ती ठाऊक होती, दंतवैद्याला साधन, मेंदूतज्ज्ञाला आजार. तिघे एकमेकांचे लेखन वाचत नव्हते, तोवर पिढ्यान्‌पिढ्या माणसे आळशी ठरली. आपणही घोरणाऱ्याला कुंभकर्ण म्हणून मोकळे होतो. मंडळी, घरात कोणी घोरता घोरता अचानक निःशब्द होत असेल, मग दचकून श्वास घेत असेल आणि दिवसा पेंगत असेल, तर ती गाढ झोप समजू नका. त्याला डॉक्टरकडे न्या.