नागपूरची उंची आणि नदीचा श्वास

पाण्यात विरघळलेला प्राणवायू मोजण्याची विश्वासार्ह रीत १८८८ मध्ये हंगेरीच्या लायोश विंकलर यांनी दिली. मँगनीज आणि आयोडीनची ती रासायनिक किमया आजही प्रमाण मानली जाते. बाटलीत हवेचा एक बुडबुडा राहिला, तरी ती चुकते.

१९५६ मध्ये अमेरिकेतील लेलँड क्लार्क यांचा इलेक्ट्रोड प्रसिद्ध झाला. त्यांना मोजायचा होता रक्तातला प्राणवायू, नदीतला नव्हे! पातळ पडद्यातून जितका प्राणवायू झिरपेल, तितका वीजप्रवाह. दोनच वर्षांनी, १९५८ मध्ये, नागपुरात सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीची केंद्रीय संशोधन संस्था उभी राहिली. १९७४ पासून तीच ‘नीरी’.

परंतु सेन्सरला केवळ प्रवाह कळतो. त्याचा अर्थ माणसाला शिकवावा लागतो. सोडियम सल्फाइटच्या द्रावणात प्राणवायू उरत नाही, तेथे शून्य. बाष्पाने भरलेल्या हवेत पूर्ण संपृक्तता. येथेच भूगोल आडवा येतो. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटर उंच. २५ अंश सेल्सिअसला मुंबईच्या किनाऱ्यावर एक लिटर पाण्यात सुमारे ८.३ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, नागपुरात जेमतेम ८.

ट्रान्समीटरमध्ये समुद्रसपाटीचाच वायुदाब राहून गेला, तर प्रत्येक आकडा साडेतीन टक्क्यांनी फुगतो. स्नानयोग्य पाण्यासाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची किमान अट लिटरला ५ मिलिग्रॅम आहे. प्रत्यक्षात ४.९ असलेले पाणी मग ५.१ दाखवते, आणि नापास नदी कागदावर उत्तीर्ण होते.