साखरेला गाव नसतं, वाइनला असतं

कोऱ्हाळे बुद्रुकला नीरा डाव्या कालव्याच्या भरावावर उभे राहा. नजर जाईल तिथवर ऊस आहे आणि रस्त्यानं सोमेश्वर कारखान्याकडे भरलेल्या ट्रॉल्या निघाल्या आहेत. इथून नीरेच्या धारेनं खाली जात राहिलात, तर इंदापूर तालुक्याच्या समोर, पैलतीराला अकलूज लागतं. अकलूजच्याच माळशिरस तालुक्यात मोटेवाडीच्या माळावर लाल वाइनची द्राक्षं पिकतात. तिथल्या एका पेल्यापर्यंत तुम्हाला पोचायचं आहे, आणि वाट काळातून जाते. दख्खनवर वाइन पहिल्यांदा कुठून आली, या खोऱ्यात पाणी कसं आलं, गोडी कशी आली, हे आधी जिभेनं अनुभवलं की त्या पेल्यात काय आहे ते कळेल. चला.

इसवी सनाचं पहिलं शतक, प्रवरेचा काठ

तुम्ही नेवाशात आहात. राज्य सातवाहनांचं आहे. बैलांच्या पाठीवरून उतरवलेलं एक उंच मातीचं भांडं तुमच्यासमोर वाळूत रोवलंय. लांब मान, दोन कान, आणि बूड इतकं निमुळतं की आधाराशिवाय ते उभं राहू नये. हा अँफोरा. भूमध्य समुद्राकाठी भरलेला, तांबड्या समुद्रातून मोसमी वाऱ्यावर भडोचला आलेला. याच काळातल्या एका ग्रीकभाषक व्यापाऱ्यानं लिहिलेल्या ‘पेरिप्लस’मध्ये भडोचला उतरणाऱ्या मालाची यादी आहे. तिच्यात वाइन आहे: पहिली पसंती इटलीच्या वाइनला, मग लाओडिकियाची आणि अरबस्तानची. भडोचपासून पैठण वीस दिवसांच्या वाटेवर आणि तिथून पूर्वेला तेर आणखी दहा दिवसांवर, हेही त्यानं लिहून ठेवलंय.

तोंडाचं बूच निघतं. पहिला वास राळेचा येतो, कारण भांडं झिरपू नये म्हणून आतून राळ लावलेली असते. घोट घ्या. आंबट, थोडी गोडसर, कडवट. भांडं घेऊन आलेला व्यापारी त्यात पाणी मिसळून पितो, तिकडची रीतच तशी आहे. चव वाईट नाही, पण तिच्यात राळ आहे, समुद्र आहे, कित्येक महिन्यांचं ऊन आहे. प्रवरेचं काही नाही. ही परक्या मातीची वस्तू आहे आणि ज्याच्या गाठीला पैसा आहे त्याच्यासाठीच आली आहे.

१९५४ ते ५६ या काळात हसमुख सांकलिया आणि डेक्कन कॉलेजच्या मंडळींनी नेवाशात उत्खनन केलं, तेव्हा अशाच अँफोऱ्यांची खापरं मातीतून वर आली. इटलीची वाइन दख्खनच्या पठारावर चाखली गेली, याचा तो पुरावा. इटलीच्या द्राक्षाचा वेल इकडे यायला मात्र त्या घोटापासून अजून जवळपास दोन हजार वर्षं आहेत.

१८७७, कोऱ्हाळे

परत आपल्या गावी या. पण कालवा नाही, ऊस नाही. जमीन भेगाळली आहे. सह्याद्रीच्या माथ्यावर कोसळणारा पाऊस इथवर येता येता संपून जातो; त्यात गेल्या वर्षी तोही आला नाही. ज्वारी वाळली, कडबा संपला, बैल विकले गेले. तुमच्या हातात कुदळ आहे. सरकारनं दुष्काळी काम काढलंय आणि तुम्ही कालव्याची माती उपसताय. दिवसाच्या मजुरीत पोटापुरतं धान्य मिळेल की नाही, एवढाच हिशोब डोक्यात आहे. ओठांवर धुळीची खारट चव आहे.

या कामातून जे उभं राहिलं, त्यानं पुढचं सगळं ठरवलं. भाटघरला वेळवंडी नदीवर धरण झालं, वीरजवळच्या बंधाऱ्यातून डावा कालवा निघाला, आणि १८८०च्या दशकाच्या मध्यात त्याचं पाणी पुरंदर, बारामती, इंदापूरकडे वाहू लागलं. पुढे १९२८मध्ये भाटघरलाच जास्त मोठं लॉईड धरण पुरं झालं आणि नीरेच्या उजव्या बाजूचा कालवा फलटण, माळशिरसकडे गेला. नदी एक, पाट दोन. डावा तुमच्या पायाखाली, उजवा अकलूजच्या बाजूला.

विसाव्या शतकाची सुरुवात, गुऱ्हाळ

रात्र आहे. चुलाणाचा जाळ तुमच्या तोंडावर येतोय. सासवडहून आलेल्या माळी शेतकऱ्यांनी कालव्याकाठी खंडानं जमिनी घेऊन ऊस लावलाय. कढईत रस उकळतोय, मळी वर येते तशी झाऱ्यानं काढली जाते. गुळव्या कढईपाशी उभा आहे. पाक बोटांत घेऊन पाहतो; अजून वेळ आहे. तुमच्या हातावर तो गरम काकवी घालतो.

चाखा. नुसती गोड नाही. तिच्यात धुरकटपणा आहे, किंचित खारटपणा आहे, तळाशी कडवट छटा आहे. पाटाच्या पाण्यानं पिकलेला ऊस, ती काळी जमीन, त्या रात्रीचा जाळ, सगळं तिथे आहे. दुसऱ्या गावचा गूळ शेजारी ठेवला, तर इथला माणूस फरक सांगेल.

आता थोडं पुढे सरका. १९३०चं दशक. त्याच सासवडकरांनी १९३२मध्ये अकलूजजवळ माळीनगरला कारखान्याची कंपनी काढली आहे. इंदापूर तालुक्यात वालचंद हिराचंद यांचं वालचंदनगर उभं राहतंय. पुढे सहकारी कारखाने येतील. तुमच्या तळहातावर पांढरी साखर आहे. चाखा. गोड. एवढंच. कारखान्याचं कामच ते आहे: रसातून साखर सोडून बाकी सगळं काढून टाकायचं. साखरेनं या खोऱ्याला शाळा, दवाखाने, रस्ते, राजकारण सगळं दिलं, आणि त्याचं ऋण मोठं आहे. पण कोऱ्हाळ्याच्या उसाची साखर आणि दुसऱ्या देशातल्या उसाची साखर जिभेला सारखीच लागते. दाण्यात गाव उरत नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, पेल्यापाशी गेल्यावर ती लागेल.

२००७, मोटेवाडी

नीरा ओलांडून माळशिरस तालुक्यात आलात. मधल्या काळात महाराष्ट्रानं वाइन करायला घेतली आहे. १९८०च्या दशकात नारायणगावला श्यामराव चौगुल्यांनी इंडेज सुरू केलं. नाशिकला राजीव सामंतांच्या सुलाची पहिली वाइन २०००मध्ये आली. २००१मध्ये राज्यानं द्राक्ष प्रक्रिया धोरण आणून वाइनला उत्पादन शुल्कात सवलत दिली. पाटस–बारामती रस्त्यावर रोटीजवळही वाइनरी झाली.

इथे माळावर मात्र तीन घरांतल्या भावांच्या तीन जोड्या एकत्र आल्या आहेत. अकलूजचे रणजितसिंह आणि अर्जुनसिंह मोहिते-पाटील, दिल्लीचे कपिल आणि गौरव सेखरी, आणि इटलीच्या टस्कनीतले आंद्रेया आणि अलेस्सिओ सेच्ची. नाव ठेवलंय फ्रातेल्ली, म्हणजे भाऊ. वाइन करणारे पिएरो मासी, टस्कनीतल्याच कियांती क्लासिकोच्या टेकड्यांवर आयुष्य काढलेले. साखर पट्ट्यातल्या घरानं माळावर ऊस सोडून काही लावावं, हीच मोठी गोष्ट आहे.

परदेशातून आलेली रोपं तुमच्या हातात आहेत. खाली दुष्काळ आणि खारी जमीन सोसणारा खुंट, वर सांजोव्हेझे या इटलीच्या लाल द्राक्षाचं कलम. खड्ड्यात रोप ठेवा, मुरूम दाबा. पाणी ठिबकनं, तेही बेतानं.

ज्याची हयात खाण्याच्या द्राक्षात गेली, त्याला ही बाग उलटी वाटते. तिकडे मणी फुगावा म्हणून जिब्रेलिक आम्लात घड बुडवतात, इकडे मणी लहानच हवा. मणी लहान, तर रसाच्या मानानं साल जास्त. आणि लाल वाइनचा रंग, वास, तुरटपणा सालीत असतो. वेलाला थोडी तहान लागलेली बरी. मोटेवाडीचा कोरडा माळ उसाला नको असतो, तोच वाइनला मानवतो.

फेब्रुवारी, पहाटेचे चार

दोन वर्षं पुढे या. थंडी वाजते आहे. कपाळावर दिवा, हातात कात्री, पायाशी क्रेट.

युरोपात वेल हिवाळ्यात झोपतो आणि उन्हाळा सरताना पिकतो. इथे तो झोपत नाही, म्हणून माणसानं त्याला वर्ष शिकवलं. एप्रिलमध्ये खरड छाटणी: ओलांड्यावर नवी काडी येते आणि तिच्या डोळ्यांत पुढचे घड धरतात. पावसाळा सरताना फळछाटणी, की त्याच डोळ्यांतून घड बाहेर. मण्यांत पाणी उतरतं ते थंडीच्या तोंडावर. दिवसा ऊन साखर भरतं, रात्रीचा गारवा आंबटपणा राखून ठेवतो. दिवस आणि रात्र यांच्या या ओढाताणीतच चव घडते.

“पाव्हणं, मन्याला हात नगा लावू, देठ धरा,” ओळीच्या पलीकडून एक बाई सांगते. तिचे हात तुमच्यापेक्षा तिप्पट चालतात. ऊन चढायच्या आत घड वाइनरीत पोचले पाहिजेत. गरम द्राक्ष वाटेतच आंबायला लागतं.

एक मणी तोंडात टाका. खाण्याच्या द्राक्षाहून किती तरी गोड, कारण ब्रिक्स, म्हणजे रसातल्या साखरेचं माप, चोविसाच्या आसपास आहे. गर पांढरा आहे. आता साल चावा. ती जाड आहे, तुरट आहे. बी चावा. बी हिरवी असेल तर कडू लागते, तपकिरी असेल तर भाजल्यासारखी. तोडणी कधी करायची, ते साखर मोजणाऱ्या मीटरइतकंच या बीवर ठरतं.

टाकीपासून पिंपापर्यंत

देठ वेगळे झाले, मणी फुटले, रस आणि साली एकत्र पोलादी टाकीत गेल्या. वाका, पण तोंड टाकीत घालू नका. वर कार्बन डायऑक्साइड साचलेला असतो आणि तो जीव घेऊ शकतो. यीस्ट साखर खातंय, अल्कोहोल होतंय, उष्णता वाढतेय. साली वर तरंगून जाड थर करतात, तो ओला राहावा म्हणून खालचा रस पंपानं वरून सोडतात. दिवसागणिक रंग गडद होतो.

या अवस्थेतला घोट बोचरा लागतो. हिरव्या सफरचंदात असतं ते मॅलिक आम्ल त्यात आहे. पुढे जिवाणू त्याचं मवाळ लॅक्टिक आम्ल करतात आणि धार बसते. मग ओकची पिंपं. लाकडातून हवा अगदी सावकाश आत येते, तुरटपणा गोलसर होतो, लवंग आणि व्हॅनिलाची छटा उतरते. सांजोव्हेझे आणि काबेर्ने सोव्हिन्यों या द्राक्षांच्या मिश्रणाची ‘सेटे’ ही इथली नावाजलेली लाल वाइन अशी वर्षाहून जास्त काळ पिंपात राहते. तिचं पहिलं पीक २००९चं. सेटे म्हणजे सात: सहा भाऊ आणि मासी.

आज, पेला

आता बसा. बाटली सोळा ते अठरा अंशांवर आणा. ‘लाल वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी’ हा नियम थंड देशातल्या खोल्यांचा आहे. बारामतीच्या मे महिन्यातली खोली वाइन बिघडवते. फ्रिजमध्ये अर्धा तास ठेवली तरी फरक पडतो.

पेला तिरपा धरा. मध्ये गडद लाल, कडेला विटकरीकडे झुकणारा रंग. हलवा आणि वास घ्या. आधी चेरी आणि आलुबुखार, ते सांजोव्हेझेचं. मागून ब्लॅककरंट आणि मिरी, ते काबेर्नेचं. सगळ्यांत शेवटी लाकूड.

घोट तोंडभर फिरवा. पहिल्यांदा आंबटपणा येतो, तोंडाला पाणी सुटतं. हे त्या थंड रात्रींचं काम. मग भरगच्च, पिकलेलं फळ, टस्कनीतल्या सांजोव्हेझेहून जास्त उबदार, कारण इथलं ऊन तसं आहे. आणि मग तुरटपणा: पिकलेलं जांभूळ खाल्ल्यावर जीभ टाळूला ओढली जाते ना, तसा, पण त्याहून रेशमी. गिळल्यावरही तो रेंगाळतो.

जेवायला भाजलेलं किंवा सुकं मटण घ्या, वांग्याचं भरीत घ्या. तिखटजाळ रस्सा टाळा. मिरचीसमोर तुरटपणा कडक होतो आणि अल्कोहोल चटका देतं.

आता जीभ मागे न्या. नेवाशाच्या घोटात राळ होती, गुऱ्हाळातल्या काकवीत जमीन होती, साखरेत फक्त गोडी होती. वेल परदेशी असूनही या पेल्यात मोटेवाडीचा मुरूम, दोन छाटण्या, फेब्रुवारीची पहाट आणि कात्री चालवणारे ते हात आहेत. हीच द्राक्षं कियांतीत पिकली तर चव वेगळी, नाशिकला पिकली तर आणखी वेगळी. साखरेनं या खोऱ्याला पैसा दिला. वाइननं त्याला स्वतःची चव दिली, आणि पाण्याचा घोट मोजून दिली.

म्हणून एक विनंती. वाइन पीत असाल, तर जपून आणि थोडी प्या, पण लक्ष देऊन प्या. लेबलवर द्राक्षाचं नाव वाचाल तसं गावाचं नावही शोधा. नाव मराठी मुलखातलं निघालं, तर किंमत विचारण्याआधी विचारा: कुठली जमीन, कधीची तोडणी, कुणी केली? नीरेच्या खोऱ्यातली लाल वाइन या प्रश्नांची उत्तरं देऊ शकते, आणि ती उत्तरं ऐकून मगच तिचा निवाडा करावा, इतकी ती चांगली आहे.