मिनामाता : एका उत्प्रेरकाचा इतिहास
१/ उत्प्रेरक अभिक्रियेचा वेग वाढवतो आणि स्वतः मात्र शेवटी तसाच उरतो, असे पाठ्यपुस्तक सांगते. कारखान्यात तो पूर्णपणे तसाच उरत नाही. या फरकाची किंमत जपानमधील मिनामाता या गावाने मोजली.

२/ क्यूशू बेटावरील या किनारी गावात चिस्सो कंपनीच्या कारखान्याने १९३२ साली ॲसिटाल्डिहाइडचे उत्पादन सुरू केले. मर्क्युरिक सल्फेट, म्हणजे पाऱ्याचा क्षार, मिसळलेल्या आम्लातून ॲसिटिलीन वायू सोडला, की त्याचा पाण्याशी संयोग होऊन हे रसायन तयार होई.

३/ त्याच पात्रात पाऱ्याचा थोडा अंश मिथिल मर्क्युरीत रूपांतरित होई आणि सांडपाण्यावाटे समुद्रात जाई. तेथून तो शिंपल्यांत, माशांत आणि अखेर कोळ्यांच्या ताटात पोहोचे. गर्भवतींच्या वारेतून तो पोटातील बाळापर्यंतही जाई.

४/ प्रथम मांजरे झटके येऊन मरू लागली. पुढे माणसांचे हातपाय बधिर झाले, दृष्टी आकुंचित झाली, वाचा अडखळू लागली. १ मे १९५६ रोजी कारखान्याच्याच रुग्णालयाचे प्रमुख डॉ. होसोकावा हाजिमे यांच्या रुग्णालयातून या अज्ञात रोगाची खबर आरोग्य केंद्राला देण्यात आली.

५/ जुलै १९५९ मध्ये कुमामोतो विद्यापीठाच्या संशोधकांनी सेंद्रिय पाऱ्याकडे बोट दाखवले. कंपनीने ते अमान्य केले. त्याच वर्षी होसोकावांनी कारखान्याचे सांडपाणी अन्नात मिसळून एका मांजराला दिले. ऑक्टोबरमध्ये ‘मांजर क्रमांक ४००’ला तीच लक्षणे दिसली. कंपनीने हा निष्कर्ष दडवून ठेवला.

६/ डिसेंबर १९५९ मध्ये रुग्णांशी ‘सहानुभूती’ रकमेचा करार झाला. पुढे कारखाना दोषी ठरला, तरी नवी भरपाई मागायची नाही, अशी त्यात अट होती. त्याच महिन्यात गाजावाजा करून बसवलेली शुद्धीकरण यंत्रणा विरघळलेला सेंद्रिय पारा काढण्यासाठी बनवलेलीच नव्हती.

७/ १९६५ मध्ये निइगाता येथे दुसऱ्या कंपनीच्या अशाच कारखान्यामुळे तोच रोग उद्भवला. मिनामातातील उत्पादन मे १९६८ मध्ये थांबले. सरकारने कारण मान्य केले ते सप्टेंबरमध्ये. १९७० साली मरणासन्न होसोकावांनी रुग्णशय्येवरून साक्ष दिली. १९७३ मध्ये न्यायालयाने कंपनीला जबाबदार धरले आणि तो करारही रद्दबातल ठरवला.

८/ २०१३ च्या आंतरराष्ट्रीय पारा कराराला मिनामाताचेच नाव मिळाले. या उत्पादनातील पाऱ्याचा वापर थांबवण्यासाठी त्यात २०१८ ची मुदत होती. पुरावा मात्र १९५९ पासूनच कारखान्याच्या दप्तरात होता.