'माय डॉक्युमेंट्स' मधलं 'माय' कुणाचं?

आपल्या कॉम्प्युटरवरचा 'डॉक्युमेंट्स' फोल्डर एकदा उघडून बघा. माझ्याकडे त्यात झूम, आउटलुक फाइल्स, कस्टम ऑफिस टेम्प्लेट्स, माय गेम्स, व्हिज्युअल स्टुडिओ अशी मंडळी नांदताहेत. यातला एकही फोल्डर मी केलेला नाही. माझी कागदपत्रं या गर्दीत शोधावी लागतात.

याला इतिहास आहे. डॉस आणि विंडोज ३.१ च्या काळात बरेच प्रोग्रॅम फाइली आपापल्याच डिरेक्टरीत ठेवायचे. विंडोज ९८ ने डेस्कटॉपवर 'माय डॉक्युमेंट्स' आणून ठेवलं. सगळ्या कामाला एकच जागा, तीही तुमच्या नावाची. कल्पना चांगलीच होती. २००२ पासून महाराष्ट्रभर एमएस-सीआयटीचे क्लास निघाले, आमच्या चंद्रपुरातही, आणि कॉम्प्युटर शिकणाऱ्या घरोघरच्या मंडळींची या नावाशी ओळख झाली.

पण प्रोग्रॅमनाही जागा हवी होती. विंडोज २००० आणि एक्सपीमध्ये साध्या अकाउंटवरून 'प्रोग्रॅम फाइल्स' मध्ये लिहिता येत नसे. २००७ साली आलेल्या व्हिस्टाने तर सगळ्यांनाच तिथे अडवलं. सेटिंगसाठी वेगळी जागा होती, पण ती लपवलेली. मग प्रोग्रॅमवाल्यांनी सरळ आपल्या ओसरीवर पथारी पसरली. व्हिस्टाने गेमसाठी 'सेव्ह्ड गेम्स' हे वेगळं घर बांधून दिलं, तरी कित्येक गेम जुन्या जागेवरून हलले नाहीत.

लिनक्सवाल्यांनी हसू नये :) तिकडे टिंबाने सुरू होणाऱ्या फाइलींचा ढीग असतो, फक्त तो दिसत नाही. त्याला आवर घालायचे नियम २००३ मध्ये लिहिले गेले. तेही सगळे पाळत नाहीत.

यात एवढं काय बिघडतं? धानोऱ्याकडचा माझा मावसभाऊ त्याच्या ग्रामसभेची कागदपत्रं लॅपटॉपवर सांभाळतो. ठराव, नकाशे, सामूहिक वनहक्काच्या दाव्याच्या स्कॅन केलेल्या प्रती. त्याच तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००६ च्या कायद्याखाली २००९ मध्ये जंगलावरचा सामूहिक हक्क मिळाला, देशात अगदी सुरुवातीला. २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचं पुस्तकही ग्रामसभेच्या हातात आलं. नंतर गडचिरोलीतल्या हजाराहून जास्त गावांनी हा हक्क मिळवला. हे सगळं कागदावर उभं आहे. ऐन बैठकीत नकाशा सापडला नाही तर गाव खोळंबतं.

मला यात एक उलटापालट दिसते. आमच्याकडे पिढ्यान् पिढ्या जंगल वापरात लोकांचं होतं आणि नोंदीत सरकारचं. इथे फोल्डर नावाने आपला आणि वापरात दुसऱ्यांचा. पाटीवर नाव कुणाचं यापेक्षा आत काय ठेवायचं हे कोण ठरवतं, हा खरा प्रश्न. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही मेंढ्याची घोषणा मला म्हणूनच इथेही लागू वाटते.

आता उपाय. ते फोल्डर रागाने उडवू नका. काही प्रोग्रॅम पुढच्या वेळी ते परत तयार करतात, आणि 'आउटलुक फाइल्स' मध्ये तर तुमची जुनी मेल असू शकते. त्यापेक्षा आपणच वेगळं घर करावं. भावाने डी ड्राइव्हवर 'ग्रामसभा' नावाचा फोल्डर केला, आत वर्षांचे फोल्डर, आणि तो एक्सप्लोररच्या डाव्या बाजूला पिन करून टाकला. महिन्यातून एकदा पेनड्राइव्हवर प्रत. वनड्राइव्ह चालू असेल तर तुमचं 'डॉक्युमेंट्स' खरं कुठे आहे तेही एकदा तपासा, ते परस्पर तिकडे गेलेलं असू शकतं.

जाता जाता एक गंमत. व्हिस्टाने त्या नावातलं 'माय' काढून टाकलं. आज तिथे नुसतं 'डॉक्युमेंट्स' लिहिलेलं असतं. निदान पाटी तरी खरी झाली म्हणायची!