वायद्यामागचा माल

मोबाईलवरील ॲपमधून कापसाचा किंवा सोन्याचा सौदा करू पाहणारा नवखा गुंतवणूकदार बहुधा दलाली किती आणि मार्जिन, म्हणजे सौद्यापोटी आगाऊ भरावयाची अनामत, किती एवढेच पाहून दलाल निवडतो. परंतु ठरलेल्या भावाने पुढील तारखेस माल देण्याघेण्याचा करार, म्हणजेच वायदा, टिकतो तो त्यामागे माल कोणता आणि हमी कोणाची या दोन प्रश्नांवर, हे मुंबईच्या कापूसबाजाराने मोठी किंमत मोजून शिकलेले आहे.

यांतील पहिला प्रश्न फार जुना. वजन वाढावे म्हणून रुईवर पाणी मारणे, तिच्यात सरकी व माती मिसळणे, गाठीच्या पोटात हलका कापूस दडपून वर उत्तम प्रतीचा थर देणे, हे प्रकार इतके बोकाळले की मुंबई सरकारला १८२९ मध्ये आणि पुन्हा १८६३ मध्ये कापसातील लबाडीविरुद्ध कायदे करावे लागले. अमेरिकेतील यादवी युद्धाने (१८६१–६५) लँकेशायरच्या गिरण्यांचा अमेरिकी पुरवठा तुटून मुंबईत भाव कडाडले आणि युद्ध संपताच ते कोसळून नामांकित पेढ्यांची दिवाळी निघाली, तेव्हा हमीचा प्रश्नही ऐरणीवर आला. समुद्राखालील तारेने १८७० मध्ये मुंबई इंग्लंडशी जोडली गेल्यावर लिव्हरपूलचे भाव झटपट कळू लागले आणि १८७५ मध्ये बॉम्बे कॉटन ट्रेड असोसिएशनच्या रूपाने देशातील संघटित वायदेबाजार उभा राहिला. तिच्या कारभारावर नाराज असलेल्या गिरणीमालकांनी व व्यापाऱ्यांनी १८९३ मध्ये बॉम्बे कॉटन एक्स्चेंज काढले; पुढे १९२० च्या दशकारंभी ईस्ट इंडिया कॉटन असोसिएशनने प्रतींचे नमुने, लवाद आणि क्लिअरिंग, म्हणजे सर्व सौद्यांची एकत्रित फेड, यांची घडी बसविली.

याच बाजाराच्या आडोशाला न्यूयॉर्कच्या कापूसभावांवर पैजा घेणारा ‘आकडा’ फोफावला आणि त्यातूनच मटका हा जुगार निघाला. वायदा आणि आकडा, दोहोंचा आधार कापसाचा भावच असे. मात्र आकड्यामागे ना गाठ होती, ना लवाद. हा भेद निर्णायक मानला पाहिजे, कारण एक्स्चेंजच्या बाहेर परस्पर लिहून घेतले जाणारे आजचे बेकायदा ‘डबा’ सौदे आकड्याचेच वंशज आहेत.

१९५२ च्या कायद्याने वायदेबाजार केंद्राच्या नियंत्रणाखाली आला, १९६० च्या दशकात कापसासह बहुतेक वायदे बंद झाले, आणि २००३ मध्ये बंदी उठल्यावर मुंबईतच एमसीएक्स व एनसीडीईएक्स ही संगणकीय एक्स्चेंजे सुरू झाली. दलालाचे ॲप ही या एक्स्चेंजची केवळ खिडकी असते. फेडीची हमी क्लिअरिंग संस्थेची आणि मालाची साक्ष गोदामाची. नॅशनल स्पॉट एक्स्चेंज या हाजर, म्हणजे तात्काळ खरेदी-विक्रीच्या, बाजारात २०१३ मध्ये सुमारे ५,६०० कोटी रुपयांची देणी थकली, तेव्हा गोदामाच्या पावत्यांवर दाखविलेला माल अनेक गोदामांत आढळलाच नाही. त्यानंतर सप्टेंबर २०१५ मध्ये वायद्यांचा नियामक असलेला वायदेबाजार आयोग सेबी या रोखेबाजाराच्या नियामक संस्थेत विलीन झाला आणि वस्तूंच्या वायद्यांतील दलालांनाही सेबीकडील नोंदणी बंधनकारक झाली. ती नोंदणी आणि एक्स्चेंजचे सभासदत्व नवख्यालाही दोन्ही संस्थांच्या संकेतस्थळांवर तपासता येते.