अर्थशास्त्राचे मराठी ई-साहित्य

अर्थशास्त्राचे मराठी ई-साहित्य म्हणजे विद्यापीठीय स्तरावरील अर्थशास्त्राच्या अभ्यासक्रमांसाठी मराठीत तयार करून आंतरजालावर उपलब्ध केलेले लिखित पाठ, आकृत्या, ध्वनिचित्रफिती, उदाहरणसंच आणि स्वयंमूल्यमापनाच्या चाचण्या. केवळ संगणकावर उतरवलेल्या पाठ्यपुस्तकास या संज्ञेत धरले जात असले, तरी काटेकोर अर्थाने शोधता येणारे, दुरुस्त करता येणारे व विद्यार्थ्यास स्वतः आकडे बदलून पाहता येतील असे साहित्यच त्यात मोडते. प्रस्तुत लेखात या विषयाचा विचार मुख्यत्वे बुलढाणा जिल्ह्याच्या संदर्भात केला आहे.

पार्श्वभूमी

बुलढाणा हा अमरावती विभागातील १३ तालुक्यांचा जिल्हा असून २०११च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या २५,८६,२५८ होती. त्यांपैकी सुमारे एक-पंचमांश लोक नागरी भागात राहत होते. जिल्ह्यातील महाविद्यालये १९८३ साली स्थापन झालेल्या अमरावती विद्यापीठाशी (आताचे संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठ) संलग्न आहेत. विद्यापीठाचे मुख्यालय व तेथील ग्रंथालय बुलढाणा शहरापासून दीडशे किलोमीटरहून अधिक अंतरावर आहे.

विद्यापीठ अनुदान आयोगाने उच्च शिक्षणातील नोंदणीचे प्रमाण १२.४ टक्के या राष्ट्रीय सरासरीपेक्षा कमी असलेले देशातील ३७४ जिल्हे शैक्षणिकदृष्ट्या मागास म्हणून निश्चित केले होते. महाराष्ट्रातील अशा सात जिल्ह्यांत बुलढाण्याचा समावेश होता. या जिल्ह्यांसाठी आदर्श महाविद्यालयांची योजना आखण्यात आली आणि तीनुसार बुलढाण्यातही असे महाविद्यालय निघाले. कला शाखेत अर्थशास्त्र घेणारे बहुसंख्य विद्यार्थी विषय मराठीतून शिकतात. आंतरजालावरील अर्थशास्त्राचे दर्जेदार साहित्य मात्र प्रामुख्याने इंग्रजीत आहे. अंतराची अडचण आंतरजालाने बरीच दूर केली, भाषेची अडचण मात्र जशीच्या तशी राहिली.

राष्ट्रीय उपक्रम

माहिती व संप्रेषण तंत्रज्ञानाद्वारे शिक्षणाचे राष्ट्रीय अभियान २००९ साली सुरू झाले. त्याअंतर्गत विद्यापीठ अनुदान आयोगाने ई-पीजी पाठशाला हा पदव्युत्तर पाठांचा संग्रह उभारला व त्यात अर्थशास्त्राचा समावेश केला. जुलै २०१७मध्ये ‘स्वयम्’ या मंचाचे उद्घाटन झाले. त्याच्या अभ्यासक्रमात चार अंगे अपेक्षित असतात: ध्वनिचित्रफीत, वाचनसाहित्य, स्वयंमूल्यमापन आणि चर्चा. ‘स्वयंप्रभा’ या उपग्रह वाहिन्यांद्वारे हेच शिक्षण आंतरजाल नसलेल्या घरांपर्यंत नेण्याचा हेतू होता. आयोगाच्या २०२१च्या विनियमांनुसार एखाद्या सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम ‘स्वयम्’वरून पूर्ण करून श्रेयांक मिळवता येतात.

मराठीपुरते पाहता यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचे (स्थापना १९८९) कार्य यापूर्वीचे आहे. शिक्षक समोर नसताना विद्यार्थ्याने एकट्याने वाचावे अशा बेताने लिहिलेली त्याची स्वयंअध्ययन पुस्तके ई-साहित्याची खरी पूर्वसुरी म्हणता येतील. मराठी विश्वकोशाच्या संकेतस्थळावरील अर्थशास्त्रविषयक नोंदी आणि मराठी अर्थशास्त्र परिषदेचे ‘अर्थसंवाद’ हे नियतकालिक हेही मराठी पाठलेखकाचे महत्त्वाचे आधार आहेत.

परिभाषेचा प्रश्न

लोकहितवादींनी १८४९ साली ‘लक्ष्मीज्ञान’ लिहिले, तेव्हापासून मराठीत अर्थशास्त्राच्या संज्ञा घडत आल्या आहेत. शासनाचा अर्थशास्त्र परिभाषा कोश उपलब्ध असूनही पाठ्यपुस्तकांत एकवाक्यता नाही. एकाच वक्रास कोणी ‘समवृत्ती वक्र’ म्हणतो, कोणी ‘तटस्थता वक्र’. ‘रोखता’ आणि ‘तरलता’, ‘संधी खर्च’, ‘वैकल्पिक खर्च’ आणि ‘पर्यायी खर्च’ हे शब्दही असेच एकमेकांऐवजी येतात. छापील पुस्तक वापरणाऱ्यास हा भेद जाणवत नाही, कारण त्याच्यासमोर एकच पुस्तक असते. आंतरजालावर मात्र विद्यार्थी शब्द टाकून शोध घेतो. ‘तरलता’ शोधणाऱ्याला ‘रोखता’ या शीर्षकाखालील उत्तम पाठ सापडतच नाही. म्हणून पाठाच्या आरंभी सर्व प्रचलित पर्याय नोंदवणे आणि पुढे एकच संज्ञा सातत्याने वापरणे आवश्यक ठरते.

काही पर्याय निव्वळ शब्दभेदाचे नसतात. ‘चलनवाढ’ हा शब्द किमती वाढण्याचे कारण चलनाच्या वाढीत आहे असे आधीच सुचवतो. ‘भाववाढ’ केवळ परिणामाचे वर्णन करतो. खर्चजन्य भाववाढ शिकवताना तिला ‘खर्चजन्य चलनवाढ’ म्हटले, तर विद्यार्थ्याचा गोंधळ होणे स्वाभाविक आहे. व्यवहारातील शब्द शास्त्रात येतात तेव्हा दुसरी अडचण उद्भवते. ‘भांडवल’ म्हणजे धंद्यात घातलेला पैसा असा रूढ समज आहे. अर्थशास्त्रात उत्पादनासाठी निर्माण केलेली साधने, म्हणजे जिनिंग कारखान्यातील यंत्रे किंवा शेतावरील पंप, हे भांडवल होय. ‘उपयोगिता’ या शब्दातही हितकारकता अभिप्रेत नसते; तंबाखूलाही उपयोगिता असते. अशा शब्दांवर टिचकी मारताच अर्थ दिसण्याची सोय हा वेब पाठाचा छापील पुस्तकापेक्षा सर्वांत मोठा लाभ आहे, आणि तोच सर्वांत कमी वापरला जातो.

स्थानिक उदाहरणे

भाषांतरित पाठांतील पिझ्झा आणि कॉफीची उदाहरणे बदलून कापूस व सोयाबीन लिहिल्याने पाठ स्थानिक होत नाही. उदाहरण बदलले की काही वेळा सिद्धांताची मांडणीही तपासावी लागते. किमान किमतीची आकृती हे याचे ठळक उदाहरण आहे. पाठ्यपुस्तकातील आकृतीत शासन समतोल किमतीच्या वर किमान किंमत ठरवते, त्याखाली व्यवहार होत नाहीत आणि बाजारात अतिरिक्त पुरवठा उरतो. सोयाबीनची किमान आधारभूत किंमत २०२४-२५च्या हंगामासाठी क्विंटलला ४,८९२ रुपये होती. तरीही महाराष्ट्रातील बाजारांत त्या हंगामात व्यवहार तिच्याखाली होत राहिले.

याचे कारण असे की, पाठ्यपुस्तकातील किमान किंमत कायद्याने बंधनकारक मानलेली असते. हमीभाव हे मुख्यतः शासकीय खरेदीचे आश्वासन असून ते खरेदीच्या क्षमतेपुरतेच प्रभावी ठरते. शिवाय खरेदीकेंद्रावर ओलाव्याची १२ टक्क्यांची अट असते. नोव्हेंबर २०२४मध्ये ती १५ टक्क्यांपर्यंत शिथिल करण्यात आली. नोंदणी, वाहतूक, वाळवणी आणि पैसे मिळण्यातील विलंब हे सर्व व्यवहारखर्च धरल्यास शेतकरी कमी भावात लगेच का विकतो याचा उलगडा होतो. चिखली किंवा मेहकर तालुक्यातील विद्यार्थ्याने ही गोष्ट घरी पाहिलेली असते. पाठातील आकृती तिच्याशी विसंगत दिसली, तर तो परीक्षेपुरती आकृती पाठ करतो आणि शास्त्रावरचा विश्वास गमावतो.

वेब पाठात याच विषयाची पुढची पायरी आकडेमोडीने शिकवता येते. राज्य कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना १९९०-९१पासून आहे. तीत सोयाबीनसारख्या मालावर किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत, १८० दिवसांसाठी ६ टक्के दराने कर्ज मिळते. समजा, बाजारभाव ४,००० रुपये आहे. क्विंटलमागे ३,००० रुपये कर्ज घेतल्यास १८० दिवसांचे व्याज सुमारे ८९ रुपये होते. त्यात गोदामभाडे, वजनातील घट आणि अडकून पडलेल्या उरलेल्या १,००० रुपयांचा संधी खर्च मिळवला, की भाव किती वाढल्यास थांबणे फायद्याचे ठरेल हे काढता येते. विद्यार्थ्याने तक्त्यात व्याजदर वा दिवस बदलताच उत्तर बदलते. व्याज, जोखीम आणि कालमूल्य या तीन संकल्पना एकाच तक्त्यात येतात. भावाची आकडेवारी केंद्र शासनाच्या ‘ॲगमार्कनेट’ या संकेतस्थळावरून घेता येते.

जिल्ह्यातील अन्य विषयही असेच उपयोगी आहेत. खामगावची कापूस बाजारपेठ, १९७०च्या दशकात सुरू झालेली राज्याची कापूस एकाधिकार खरेदी योजना आणि १९८६ साली स्थापन झालेली बुलडाणा अर्बन सहकारी पतसंस्था यांच्या आधारे अनुक्रमे बाजाररचना, एकग्राही मक्तेदारी आणि सहकारी पतपुरवठा हे घटक शिकवता येतात.

तांत्रिक बाजू

मराठीतील बरीच जुनी टिपणे व पुस्तके युनिकोडपूर्व टंकांत अक्षरजुळणी केलेली आहेत. त्यांची पीडीएफ वाचता येते. पण तीतील मजकूर शोधयंत्राला कळत नाही आणि नक्कल केल्यास अक्षरे विस्कटतात. छायाप्रतींच्या पीडीएफची स्थिती याहून वाईट असते, शिवाय त्यांचा आकारही मोठा असतो. युनिकोड मजकुराचे साधे वेबपान अत्यल्प डेटात उघडते आणि दृष्टिहीन विद्यार्थ्यास वाचक-प्रणालीद्वारे ऐकताही येते. आकृत्यांसाठी ‘जिओजेब्रा’ हे मुक्त साधन वापरता येते. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात त्याचे मराठी मार्गदर्शन उपलब्ध आहे. अभ्यासक्रम चालवण्यासाठी ‘मूडल’ ही मुक्त प्रणाली प्रचलित आहे. मार्च २०२०नंतर महाविद्यालये बंद असताना मात्र प्रत्यक्षात सर्वाधिक वापर व्हॉट्सॲप गटांवरील टिपणांचा झाला.

प्रताधिकार

भारतीय प्रताधिकार कायदा, १९५७मधील कलम ५२ अध्यापनाच्या ओघात केलेल्या पुनरुत्पादनास सूट देते. ती वर्गापुरती आहे, सर्वांसाठी खुल्या संकेतस्थळावर तेच साहित्य ठेवण्यास ती लागू होईलच असे नाही. भाषांतराबाबत परवान्यांतील भेद निर्णायक ठरतो. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या खुल्या अभ्यासक्रमांचे अव्यापारी भाषांतर श्रेयनिर्देश करून, त्याच परवान्याखाली प्रसिद्ध करता येते. ‘कोअर’ गटाचे ‘द इकॉनॉमी’ हे पाठ्यपुस्तक विनामूल्य वाचता येत असले, तरी त्याचा परवाना रूपांतरास मुभा देत नाही; मराठी आवृत्तीसाठी स्वतंत्र अनुमती घ्यावी लागते.

अध्यापकांचे श्रेय

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या विनियमांत चारही अंगांनी युक्त अशा संपूर्ण ई-अभ्यासक्रमास १२ आणि एका घटकास ५ गुण आहेत. ही गणना साहित्य तयार करण्याची आहे. तयार पाठातील आकडे दरवर्षी अद्ययावत करणे, संज्ञा तपासणे वा विद्यार्थ्यांनी दाखवलेल्या चुका सुधारणे यांस वेगळे गुण नाहीत. अर्थसंकल्प, करांचे दर आणि हमीभाव दरवर्षी बदलणाऱ्या या विषयात त्यामुळे पाठ लवकर जुने होतात, आणि वस्तू व सेवा कर लागू झाल्यानंतरही विक्रीकर शिकवणारी टिपणे आंतरजालावर फिरत राहतात.