वेरूळची वाट

विहाराची सहल ठरली की वेरूळचं नाव हमखास निघतं. ते काय थंड हवेसाठी? बंधू-भगिनींनो, १९३४ साली बाबासाहेब तीसेक सहकाऱ्यांसह वेरूळची बौद्ध लेणी पाहण्यास निघाले. वाटेत दौलताबादच्या किल्ल्याशी काहींनी धुळीचे तोंड-पाय हौदावर धुतले, तर हौद बाटवला म्हणून तिथल्या लोकांनी गलका केला. अखेर पाण्याला शिवायचं नाही या अटीवर, हत्यारी शिपाई सोबत देऊन किल्ल्यात सोडलं. हे बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलंय. ते समजल्यावरच मी मिलमध्ये पाळी बदलून वेरूळ गाठलं. आज आपण तिथं ताठ मानेनं जातो. म्हणून पोरांना नुसते फोटो काढू देऊ नका. किल्ल्याच्या दाराशी उभं करून हा इतिहास सांगा. जयभीम!